फ्लूच्या साथीत आम्ही चावीवाले

पाण्याच्या टाकीवरच्या माणसाला काम थोडं आणि वाट बघणं फार. टाकी भरायची वाट बघायची, मग वेळ व्हायची वाट बघायची, मग सोडलेलं पाणी बंद करायची वाट बघायची. वाट बघताना माणसं बोलतात. मी बोलत नाही. माझी जीभ पहिल्यापासून जड. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. त्यामुळं झालं असं, की सगळ्यांचं बोलणं माझ्याकडं साठत गेलं. आता रिटायर होऊन घरी बसलोय, तर नात म्हणते, "तात्या, सांगत न्हाय तर लिहून तरी काढा की." शाळा माझी चौथीपर्यंत. जमेल तसं लिहितो.

किस्से पुष्कळ आहेत, पण स्वाइन फ्लू आला त्या सालचे जास्त आठवतात. कोरोनाचं नावसुद्धा तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

आमच्या गावच्या शुक्रवार पेठेकडच्या टाकीवर आम्ही चौघं होतो. मल्लूअण्णा अक्कलकोटकडचा, अर्धं कानडी बोलायचा, अर्धं मराठी, आणि दोन्ही मोठ्या आवाजात. रशीदभाई घड्याळाचा पक्का. नरसय्याच्या घरात सगळे कापडाच्या मागावर बसणारे, हा एकटाच पाण्यात शिरलेला. चौथा मी. आमच्याकडं चावी असायची. चावी म्हणजे छातीएवढ्या उंचीची लोखंडी दांडी, वर धरायला आडवी मूठ. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, दांडी आत वॉलवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, बसवायची, आटे फिरवायचे, की त्या बोळाला पाणी. चार दिवसांआड एकेका बोळाची पाळी. म्हणून लोक आम्हाला चावीवाले म्हणत.

त्या साली आम्हा चौघांना एकच काळजी होती. मल्लूअण्णाची सून, निर्मला. तिला सातवा महिना लागला होता. आणि तिच्यापर्यंत तो ताप आम्हीच पोचवला होता. कसा, ते अगोदर सांगतो.

*

साथ पुण्याकडून आली असं सगळे म्हणायचे. आमच्या टाकीवर ती नरसय्याच्या नाकातून आली. त्याचा साडू पुण्याहून लग्नाला आला, तीन दिवस राहिला, तिन्ही दिवस खोकला आणि परत गेला. मग नरसय्या शिंकायला लागला.

टाकीवर एक रीत होती. दुपारी जेवणं झाली की मल्लूअण्णा चंची सोडायचा. डाव्या तळव्यावर तंबाखू, वर चुना, उजव्या अंगठ्यानं सावकाश मळायची, दोन थापा मारायच्या आणि तळवा पुढं करायचा. पहिली चिमूट नरसय्याची, कारण तो आमच्यात लहान. दुसरी माझी. उरलेली अण्णाची. रशीदभाई तंबाखूला शिवत नसे. तो लांब बसून घड्याळ बघायचा.

पहिला पडला नरसय्या. मग मी. माझ्या दुसऱ्या दिवशी अण्णा. चिमटीची जी पाळी, तीच तापाची.

आरोग्य खात्याची सिस्टर वही घेऊन अण्णाच्या घरी आली. मीही तिथंच बसलो होतो, तोंडाला उपरणं गुंडाळून.

"कोण कोणाच्या जवळ आलं होतं?" तिनं विचारलं.

"कोणीच न्हाई," अण्णा म्हणाला. तापानं डोळे लाल झालेले, आवाज तेवढाच. "आमी कामाची माणसं, बाई. गळ्यात पडायची सवय न्हाई आमाला."

"हात मिळवले होते?"

"न्हाई."

"एका ताटात जेवला?"

"डबे आपापले."

"मग काही दिलंघेतलं?"

"काही न्हाई. नुसती तंबाखू दिली."

"पुडी दिली?"

"पुडी कशाला? मळून दिली."

"कशावर मळून?"

अण्णानं तिच्याकडं जरा दयेनं बघितलं. "तळहातावर. तंबाखू काय कपाळावर मळतात का?"

सिस्टरनं वहीत काहीतरी लिहिलं आणि आमच्या तिघांच्या नावांना रेघा ओढून ती नावं एकमेकांना जोडून टाकली. रशीदभाईचं नाव एका बाजूला मोकळं राहिलं. तो नंतर मला म्हणाला, "मेरेकू दवा नै बचाई, तात्या. अम्मा बचाई. छोटा था तब कसम दिलाई थी, तंबाकू नको बोलके."

आम्ही तिघं आठ दिवसांत उठलो. पण अण्णाच्या घरी चौथ्या दिवशी निर्मलाला ताप भरला, सहाव्या दिवशी धाप लागली आणि तिला सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. अण्णानं चंची खुंटीला अडकवली. ती नंतर खालीच आली नाही.

*

कुणाला पटत नव्हतं ते हे, की आम्ही म्हातारे उठून बसलो आणि तरणी माणसं पडत होती. दवाखान्यात बार्शीची होती, मंगळवेढ्याची होती, हद्दीपलीकडची कानडी माणसं होती. सगळी तिशीच्या आतबाहेरची. कुणी पोटुशी बाई, कुणी ट्रॅक्टरवाला, कुणी नुकतं लग्न झालेलं. बाकड्यावर बसलेले सगळे आईबाप. डॉक्टर म्हणाले, या फ्लूचं असंच आहे, तरण्यांना आणि पोटुशा बायकांना तो जोरात धरतो.

नरसय्या माझ्याशेजारी बसला होता. बाकड्यावरची तोंडं एकेक करून बघत होता. मग म्हणाला, "तात्या, एवढी माणसं नेतो हा रोग, पण ह्याला वय वाचता येत न्हाई."

शेजारचा एक म्हातारा मंगळवेढ्याहून आला होता. त्याचा मुलगा आत होता. तो म्हणाला, "मी वाचून दाखवायला तयार हाय. माझं वय सांगतो, या म्हणतो हिकडं."

त्यावर कुणी हसलं नाही. पण त्या म्हाताऱ्याला त्या दिवशी तिघांनी चहा आणून दिला.

*

ऑफिसातून आम्हाला तोंडाच्या पट्ट्या आल्या. आता मास्क म्हटलं की पोरंसोरं ओळखतात. तेव्हा तो कानात अडकवायचा की मानेत, यावर अर्धा तास गेला.

नरसय्याला बिडी लागायची. तो दोन दिवस पट्टी खाली ओढून बिडी ओढायचा, मग वर करायचा. आमचे साहेब कडक होते. त्यांनी बघितलं आणि सांगितलं, "पट्टी तोंडावरून हलता कामा नये. हलली तर मेमो."

दुसऱ्या दिवशी साहेब टाकीवर आले. नरसय्याची पट्टी जागच्या जागी होती. मधोमध एक गोल भोक, कडेनं विणकरानं घालावेत तसे बारीक टाके, आणि त्यातून बिडी बाहेर आलेली.

साहेब बघतच राहिले. "हे काय आहे?"

"पट्टी हललेली न्हाई साहेब."

"अरे, पण भोकातून जंतू आत जातील त्याचं काय?"

नरसय्यानं बिडी काढली, विझवली, खिशात ठेवली आणि भोकावर बोट धरलं. "बिडी नसली की बोट असतंय, साहेब."

*

माणसं कमी पडली म्हणून मला काही दिवस सात रस्ता चौकाकडच्या एका कॉलनीची पाळी दिली होती. तिथं एक रिटायर गुरुजी राहायचे. स्वभावानं फार टापटिपीचे. मी पहिल्या दिवशी चेंबरपाशी पोचलो तर ते बादली घेऊन उभे.

"थांबा. तुम्ही शुक्रवार पेठेतून आलात ना? तिकडं पेशंट आहेत. ही चावी तिकडच्या चेंबरमध्ये जाते आणि तीच आमच्या चेंबरमध्ये येते. धुतल्याशिवाय घालायची नाही."

मी चावी पुढं केली. त्यांनी फिनेलच्या पाण्यानं ती वरून खालपर्यंत धुतली. मग साध्या पाण्यानं. मग पुन्हा फिनेलनं. मूठ तर त्यांनी ब्रशनं घासली. मी म्हटलं, "गुरुजी, चावी पाण्याला लागत न्हाय. ती नुसती बाहेरनं वॉल फिरवते." ते म्हणाले, "तुम्ही शिकलेले नाही, म्हणून वाद घालू नका."

मी वाद घातला नाही. घालायला गेलो असतो तरी संध्याकाळ झाली असती.

कॉलनीत तीन चेंबर, गुरुजी तिन्हींपाशी बादली घेऊन यायचे. पाणी सोडताना एकदा धुवायचे, बंद करताना एकदा. मधल्या दिवसांत मी वॉल बघायला गेलो तरी धुवायचे. दुसऱ्या पाळीच्या आदल्या दिवशी मी तिकडून चाललो होतो तर गुरुजी फाटकात उभे. आवाज नरम.

"तात्या, आज थोडं पाणी सोडता येईल का हो? अर्धाच तास."

"आज पाळी न्हाय गुरुजी. का, काय झालं?"

"पिंप रिकामं झालं."

"घरात माणसं किती?"

"दोघंच. मी आणि ही."

"दोघांत पिंप संपलं?"

गुरुजी खाली बघायला लागले. आतून त्यांच्या मिसेसचा आवाज आला, "सांगा की. सगळं पाणी यांच्या चावीनं पिलं म्हणून सांगा."

मी टाकीवरून दोन कॅन भरून सायकलवर आणून दिले. गुरुजींनी कॅन घेतले. हँडल धुवायला हवं होतं, हे त्यांच्या लक्षात आलेलं मला दिसलं. पण ते कॅन तसेच उचलून आत गेले.

*

त्याच आठवड्यात आरोग्य खात्याचे एक बाबू टाकीवर माहिती सांगायला आले. चांगले होते, तळमळीनं सांगत होते. खोकताना रुमाल धरा, गर्दीत जाऊ नका. मग म्हणाले, "आणि दिवसातून दहा वेळा साबणानं हात धुवा."

रशीदभाईनं हात वर केला. "साब, कौनसे दिन में?"

"म्हणजे?"

"पानी के दिन में, या बिना पानी के दिन में?"

बाबूंनी वहीत बघितलं. त्यात ते लिहिलेलं नव्हतं.

*

निर्मला तेव्हा ऑक्सिजनवर होती. आत कुणाला सोडत नव्हते. तिचा नवरा, अण्णाचा मुलगा बसवराज, चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. त्याला ठेकेदारानं सांगितलं होतं, बायको बरी होईपर्यंत इकडं फिरकू नको. तो दिवसभर औषधं, रिपोर्ट, असं पळायचा. अण्णा दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी बसायचा. वॉर्डाची खिडकी तिकडं उघडत होती, वरच्या मजल्यावर.

अण्णानं जेवण सोडलं होतं. बोलून दाखवलं नाही, पण डबा उघडत नव्हता. माझ्याजवळ एकदाच म्हणाला, "तात्या, माझ्या हातातनं गेलंय ते तिला." आणि डावा तळवा उघडून बघत बसला. मी त्याचा तळवा मिटवून ठेवला.

नवव्या दिवशी निर्मलाला उठून बसता आलं. सिस्टरनं तिला खिडकीपाशी आणलं. नाकात नळी तशीच. खाली सासरा दिसल्याबरोबर तिनं सगळा जोर लावून विचारलं, "मावा, ऊट आतेन्री?" म्हणजे, मामंजी, जेवण झालं का.

अण्णाला खोटं बोलायला येत नाही. तो खाली डब्याकडं बघायला लागला.

वरून आवाज आला, "तुमी जेवला न्हाई तर मी गोळी घेणार न्हाई."

आणि तिनं खरंच घेतली नाही. सिस्टर खिडकीत येऊन ओरडली, "अहो आजोबा, जेवा की. ही तोंड मिटून बसलीय."

मग रोज दुपारी बारा वाजता अण्णा त्या खिडकीखाली रस्त्याच्या कडेला उभा राहायचा. डबा भिंतीवर ठेवायचा. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडायचा, वर करून दाखवायचा, शेंगाच्या चटणीत बुडवून तोंडात घालायचा, नीट चावायचा आणि तोंड उघडून दाखवायचा. मग वर निर्मला गोळी दाखवायची आणि गिळायची. मग अण्णाचा दुसरा घास. आम्ही आळीपाळीनं त्याच्याबरोबर उभे राहायचो. तिसऱ्या दिवसापासून मंगळवेढ्याचा म्हातारा पण आपली भाकरी घेऊन शेजारी उभा राहायला लागला. त्याचा मुलगा दुसऱ्या खिडकीत होता. मग आणखी दोघं आले.

एका दुपारी मोटरसायकलवर एक पुढारी थांबला. पांढरे कपडे, गॉगल. ओळीनं उभी असलेली माणसं आणि वर बघणारी तोंडं बघून त्याला वाटलं, काहीतरी चाललंय.

"कसलं आंदोलन हाय, काका?"

अण्णाच्या तोंडात घास होता. त्यानं तो पुरा चावला, गिळला, वर दाखवला.

"उपोषण हाय का?" पुढाऱ्यानं विचारलं.

"उपोषण न्हाई," अण्णा म्हणाला. "जेवण हाय."

"मागणी काय?"

अण्णानं खिडकीकडं बोट केलं. "ती."

पुढाऱ्यानं गॉगल काढून वर बघितलं. मग त्यानं मोटरसायकल स्टँडवर लावली आणि म्हणाला, "भाकरी जास्तीची हाय का?"

*

बाविसाव्या दिवशी निर्मलाला घरी सोडलं. डॉक्टरांनी कागद दिला, आता हिच्यापासून कुणाला काही होणार नाही. पोटातलं हलत होतं. पण अशक्तपणा फार. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी भरपूर प्या, स्वच्छ राहा, नाहीतर आईला किंवा लेकराला त्रास होईल.

आणि नेमकं पाणीच मिळेना.

अण्णाच्या बोळात एकोणीस घरं आणि एकच नळ. बोळातल्या बायकांनी ठरवलं, त्या घराची घागर रांगेत नको. त्यांचा हात नळाला लागायला नको. पुढं होती काशीबाई. आवाजाची खणखणीत, मनाची वाईट नव्हे. तिनं पोरासारखा वाढवलेला पुतण्या त्याच वॉर्डात गेला होता आणि परत आला नव्हता. त्यामुळं तिला कुणी समजावायला जात नव्हतं.

मल्लूअण्णा टाकीवरून सायकलला कॅन बांधून पाणी नेऊ लागला. मी विचारलं, "अण्णा, नळावर का न्हाय?" तो म्हणाला, "राहू दे तात्या. लेकरू येऊ दे अगोदर." एका खड्ड्यात सायकल आडवी झाली, कॅन फुटला आणि अण्णाचा गुडघा सोलला. त्या दिवशी निर्मलाच्या घरात दुपारपर्यंत प्यायला तांब्याभरच पाणी होतं.

दोन दिवसांनी त्या बोळाची पाळी आली. चावी माझ्याकडं होती. बरोबर रशीदभाई.

सकाळचे नऊ. बायका रांगेत. रीत अशी, की पहिल्या फेरीला प्रत्येक घराची एकच घागर, मग बाकीचे हंडे. मी झाकणापाशी गेलो. चावी आत घातली नाही. झाकणावर बसलो आणि चावी मांडीवर आडवी ठेवली. असं मी कधी केलं नव्हतं. तीस वर्षांत मला कुणी मेमो दिला नव्हता. रिटायर व्हायला थोडे महिने राहिले होते.

"तात्या, सोडा की," काशीबाई म्हणाली.

"मोजतोय."

"काय मोजताय?"

"घागरी." मी बोट करून पहिल्यापासून मोजल्या. माझं मोजणंही बोलण्यासारखंच सावकाश. "अठरा हायत."

"मग?"

"घरं एकोणीस हायत."

बायकांत कुजबुज झाली. काशीबाईनं पदर खोचला. "ते घर रांगेत न्हाय. सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"असंल. पण मला एकोणीस घरांचं पाणी सोडायला शिकवलंय. अठराचं कसं सोडतात ते मला येत न्हाय."

"ती दवाखान्यातनं आलीय, तात्या. साथीच्या दवाखान्यातनं."

"तिच्याकडं डॉक्टरचा कागद हाय."

"कागदाला काय खोकला येतोय? माझा पोरगा गेला तितं. त्याचा पण कागद दिला मला." बोलता बोलता तिचा आवाज फुटला.

मी म्हटलं, "काशीबाई, तुमचं खरं हाय. तुमी बोलता ते सगळं खरं हाय. पण घरं एकोणीस हायत."

दहा मिनिटं गेली. एकीनं घरात जाऊन ऑफिसला फोन लावला. थोड्या वेळानं रशीदभाईचा मोबाइल वाजला. साहेब होते. त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"पाणी का सोडलं नाही अजून? काय करतोय तात्या?"

"गिनती कर रहे, साब."

"कसली गिनती?"

"घागरों की."

साहेबांचा आवाज चढला. "मग लवकर मोज म्हणावं त्याला. वेळ संपली की पुढच्या बोळाला पाणी जाणार. हा बोळ कोरडा राहिला तर लेखी खुलासा मागीन मी."

रशीदभाईनं फोन ठेवला आणि घड्याळ बघितलं. "तात्या, चालीस मिनिट हैं."

"पुरे हायत," मी म्हटलं. अठरा घरांत पण लेकरं होती, तीही तहानलेली. ते मला कळत होतं. पण उठलो असतो तर ते घर कायमचं रांगेबाहेर गेलं असतं, हेही कळत होतं.

तेवढ्यात बोळाच्या टोकाचं दार उघडलं. निर्मला बाहेर आली. अंगावर शाल, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात घागर. मागं अण्णा, "ब्याडव्वा, ब्याडव्वा," नको पोरी, नको, असं करत. तिनं मागं वळून बघितलं नाही. भिंतीला धरत ती आली. बायका दोन पावलं मागं सरल्या. मला वाटलं, ती घागर रांगेच्या शेवटी लावेल. ती सरळ नळापाशी गेली आणि सगळ्यांच्या पुढं, तोटीखाली, आपली घागर ठेवून उभी राहिली.

तिला बाजूला करायला कुणी पुढं आलं नाही. काशीबाईसुद्धा नाही.

मी उठलो. झाकण उचललं, चावी बसवली आणि आटे फिरवले.

नळाला अगोदर वारा येतो. तो बराच वेळ फुसफुसला. मग पाणी आलं. चार दिवस कोरडा पडलेला पाइप, पहिलं पाणी नेहमी गंजाचं, तांबडं येतं. ते कुणी भरत नाही. घागर बाजूला करून वाहू देतात. निर्मलाला ते ठाऊक होतं. पण तिनं घागर हलवली नाही. हलवली तर जागा जाईल असं वाटलं असेल. ती घागरीच्या काठावर हात ठेवून उभी, आणि तांबडं पाणी आत पडतंय.

"अगं ए," काशीबाई रांगेतून म्हणाली. "पाणी बघ की."

निर्मला हलली नाही.

"तांबडं येतंय गं. बाजूला घे."

निर्मला तिच्याकडं बघत राहिली.

"पोटुशी तू, आणि हे पाणी पिणार? लेकराला काय खिळं खायला घालतीस?" असं म्हणत काशीबाई रांग सोडून पुढं आली. तिनं घागर गळ्याला धरून ओढली, गटारीत उपडी केली, आत हात घालून विसळली, पुन्हा उपडी केली. मग नळाखाली ओंजळ धरून उभी राहिली, पाणी निवळायची वाट बघत. ओंजळीत स्वच्छ पाणी आल्यावर तिनं घागर पुन्हा तोटीखाली सरळ लावली.

तेव्हा कुठं सगळा बोळ आपल्याकडं बघतोय हे तिच्या लक्षात आलं. तिनं आपल्या ओल्या हातांकडं बघितलं.

निर्मला म्हणाली, "मावशी, हात लागला की तुमचा."

"लागला तर लागला," काशीबाई म्हणाली. "भर लवकर. मागं अठरा हायत."